मास्तरीणबाईंनी राहायचं कुठे?

१८७९च्या उन्हाळ्यात पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा आगीत सापडले. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाने सरकार आधीच बिथरलेलं होतं, पुण्याच्या शिकलेल्या मंडळींवर त्याची नजर होती. महादेव गोविंद रानडे तेव्हा नाशिकला फर्स्ट क्लास सबजज्ज होते. त्यांची बदली तडकाफडकी धुळ्याला झाली. तिथे त्यांचं टपाल फोडून वाचलं जाई. राजकारणाच्या इतिहासात धुळ्याचा हा मुक्काम रानड्यांवरच्या संशयासाठी नोंदला गेला आहे. मला तो वेगळ्याच कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. त्या घरात एका विद्यार्थिनीची शाळा चालू होती.

विद्यार्थिनी म्हणजे रमाबाई रानडे. १८७३ साली लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि अक्षरओळखही नव्हती. रानड्यांनी स्वतः त्यांना पाटी हातात दिली. पुढे पुण्याच्या फीमेल ट्रेनिंग कॉलेजातल्या सगुणाबाई देव घरी येऊन शिकवू लागल्या. पुण्याच्या घरात थोरल्या बायकांना हे अजिबात खपत नव्हतं. टोमणे, अबोला, स्वयंपाकघरातली आडवी-उभी बोलणी, सगळं रमाबाईंनी १९१० साली छापलेल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे, आणि तेही कडवटपणा न आणता. नाशिक आणि धुळे ही त्या जाचापासून लांबची बिऱ्हाडं. सतरा-अठरा वर्षांची ही मुलगी धुळ्यात होती ती १८८१पर्यंत. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८८४ साली, पुण्यात मुलींसाठी हायस्कूल हवं अशी मागणी करायला सभा भरली आणि गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर रमाबाईंनी इंग्रजीत लिहिलेलं भाषण वाचून दाखवलं. घरी गेल्यावर बायकांनी त्याचं काय उट्टं काढलं असेल, ते सांगायला नको. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला मुलींचं ते हायस्कूल, म्हणजे हुजूरपागेची शाळा, सुरू झालं.

म्हणजे हुजूरपागेच्या वंशावळीत धुळ्याचं एक बिऱ्हाडही बसतं. पण धुळे खानदेशात आहे म्हणून हे खानदेशाचं श्रेय मिरवण्यात अर्थ नाही. बिऱ्हाड बदलीचं होतं, नवरा पुण्याचा होता आणि विद्या दोघांबरोबर आली तशी दोघांबरोबर निघून गेली.

त्या काळी शिकलेली बाई दिसली की तिच्यामागे एक पुरुष हटकून दिसतो. खानदेशाच्या शिवेपलीकडे बुलढाण्यात ताराबाई शिंदे राहत. त्यांना शिकवलं वडिलांनी. बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला होते आणि सत्यशोधक समाजाचे सभासद होते. ताराबाईंनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापली. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली, त्यावरून वर्तमानपत्रांनी बायकांच्या चारित्र्यावर जे तोंडसुख घेतलं, त्याला दिलेलं ते सणसणीत उत्तर होतं. लक्ष्मीबाई टिळकांना रेव्हरंड टिळकांनी घरीच शिकवलं. तिघींनीही मराठीला अव्वल गद्य दिलं. तरीही घरची शिकवणी ही नशिबाची गोष्ट राहते. बाप सत्यशोधक किंवा नवरा सुधारक निघाला तर अक्षर, नाहीतर चूल. आणि खानदेशात चुलीच्या जोडीला कापूसही होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानी कापसाकडे मोर्चा वळवला. जळगावची बाजारपेठ त्या भरात वाढली. शेतातला कापूस वेचायचा कुणी? बायकांनी आणि पोरींनी. त्यांची बोटं त्या कामाला सरावलेली आणि मजुरी पुरुषांहून कमी.

शाळा नावाची वस्तू मुलींपर्यंत पोचली ती समुद्रावरून. अमेरिकन मराठी मिशनने १८२४ साली मुंबईत मुलींची शाळा काढली. १८२७ साली सिंथिया फरार नावाची एक अविवाहित अमेरिकन बाई मुंबईत उतरली, मुलींच्या शाळांची देखरेख करायला. पुढे ती अहमदनगरला गेली आणि १८६२ साली तिथेच वारली. जोतीराव फुल्यांनी नगरला तिच्या शाळा पाहिल्या, सावित्रीबाईंनी तिच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले आणि १८४८ साली भिडे वाड्यात शाळा उघडली. हा सगळा इतिहास शाळकरी पोरांनाही पाठ आहे, तो इथे उगाळत नाही. त्यातली एकच बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. मुलींना शिकवायचं तर आधी शिकवणारी बाई तयार करावी लागते, हे फुल्यांना पहिल्याच फेरीत कळलं होतं. सरकारला ते कळायला आणखी बावीस वर्षं लागली.

१८५४च्या वूडच्या शिक्षणविषयक खलित्यानंतर सरकारने मुलींच्या शाळांना हात द्यायचं ठरवलं. लोकल फंड, म्युनिसिपालट्या, थोडंफार सरकारी अनुदान यांवर मोठ्या गावांतून कन्याशाळा निघू लागल्या. बहुतेक ठिकाणी शिकवायला म्हातारे पंतोजी. तरुण मास्तर ठेवला तर पालक मुली पाठवत नसत आणि म्हातारा ठेवला तर तो दुपारी डुलक्या काढी. मुलगी नऊ-दहा वर्षांची झाली की लग्न, लग्न झालं की शाळा बंद. दोन यत्तांच्या पुढे जाणारी मुलगी विरळा. पुढे गेली नाही तर ती मास्तरीण होणार कशी? आणि मास्तरीण नाही तर पुढची मुलगी थांबणार कशी? हा गुंता मेरी कार्पेंटर या इंग्रज बाईंनी १८६६ साली हिंदुस्थानात फिरताना नेमका हेरला आणि बायकांसाठी नॉर्मल स्कूल, म्हणजे शिकवायला शिकवणारी शाळा, काढा असा सरकारपुढे धोशा लावला. पुण्याचं फीमेल ट्रेनिंग कॉलेज १८७० साली उघडलं ते त्यातून.

आता खानदेशातून पुण्याला जायचं म्हणजे काय, ते बघा. रेल्वे भुसावळपर्यंत १८६०च्या दशकातच आली होती. मनमाड-दौंड लाईन १८७८ साली सुरू झाली आणि पुण्याची वाट सोपी झाली. धुळ्याला चाळीसगावहून फाटा मिळाला तो १९०० साली. तोवर बैलगाडी. पण गाडीभाड्याची अडचण शेवटी किरकोळच. बाई एकटी पुण्यात राहणार कुठे, जेवणार कुणाकडे, तिच्याकडे लक्ष कोण ठेवणार, हा खरा पेच होता. म्हणून सुरुवातीला ट्रेनिंग कॉलेजात येत त्या मुख्यतः मास्तरांच्या बायका आणि विधवा. मास्तरची बायको नवऱ्याच्या बिऱ्हाडात राही. विधवेला कुठेच जागा नव्हती, म्हणून ती कुठेही राही. लग्न झालेल्या आणि नवरा मास्तर नसलेल्या बाईला हा दरवाजा जवळजवळ बंद.

शिकून परत आलं तरी प्रश्न सुटत नसे. एरंडोल, पारोळा, शिरपूरसारख्या गावात एकटी मास्तरीण आली तर तिला खोली कोण देणार? दिली तर गाव काय बोलणार? स्त्रीशिक्षणाला विरोध म्हणजे लोकमान्य टिळकांचे अग्रलेख आणि पुण्याच्या सनातन्यांच्या सभा, असं आपण समजतो. ते होतंच. पण जिल्ह्याच्या गावात अग्रलेख वाचणारे किती असणार? तिथे शाळा अडत होती ती मास्तरीणबाईंच्या खोलीपाशी. माझ्या मते खानदेशातल्या स्त्रीशिक्षणाचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो: बाईने, मग ती शिकवणारी असो की शिकणारी, राहायचं कुठे?

या प्रश्नाचं एक उत्तर सातासमुद्रापलीकडे आधीच शोधलं गेलं होतं. मॅसॅच्युसेट्समधल्या साउथ हॅडली या खेड्यात मेरी लायन या शिक्षिकेने १८३७ साली माउंट होल्योक फीमेल सेमिनरी उघडली. त्या काळात अमेरिकेतही मुलींना कॉलेजचं दार जवळजवळ बंदच होतं. या बाईंनी केलं काय, तर शाळा आणि राहण्याचं घर एकाच छपराखाली आणलं. झाडलोट, स्वयंपाक, धुणं मुलींनी वाटून घ्यायचं. नोकरचाकर नाहीत म्हणून खर्च कमी, खर्च कमी म्हणून फी कमी. शेतकऱ्याच्या मुलीलाही ती परवडावी हा हेतू. शिकलेली मुलगी शिक्षिका होऊन बाहेर पडे आणि जिथे जाई तिथे तसंच घर उभं करी. फिडेलिया फिस्क नावाची तिथली एक विद्यार्थिनी १८४३ साली इराणातल्या उरुमियाला पोचली आणि तिने तिथे मुलींची सेमिनरी काढली. सेमिनरी म्हटलं की आपल्याला पाद्री घडवणारी शाळा आठवते, पण बायकांच्या सेमिनरीत घडत होत्या मास्तरणी.

मराठी मुलखात हे रोप पंडिता रमाबाईंनी लावलं. अमेरिकेतून निधीची हमी घेऊन त्या परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, पुढच्या आनंदीबाई कर्वे. सदन पुण्याला आलं आणि १८९३ साली धर्मांतराच्या वादात सापडलं. सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले, पंचवीसेक मुली पालकांनी काढून नेल्या. हा वाद शाळेत काय शिकवतात यावर पेटला नव्हता. मुली राहतात कुठे, संध्याकाळी कुणाच्या खोलीत बसतात, कुणाची प्रार्थना त्यांच्या कानावर पडते, यावर पेटला होता. दिवसाच्या शाळेतून मुलगी संध्याकाळी घरी येते, तिचा धर्म आणि जात घरच्या ताब्यात राहते. वसतिगृहात ती राहते तेव्हा तो ताबा सुटतो. लोकांना भीती वाटत होती ती याची, आणि त्यांच्या बाजूने पाहिलं तर ती अगदीच खोटी नव्हती.

धोंडो केशव कर्व्यांनी या वादातून नेमका धडा घेतला. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम, १९००च्या सुमारास हिंगण्याच्या माळावर झोपडी, १९०७ साली महिला विद्यालय, १९१६ साली महिला विद्यापीठ. जपानमधल्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका त्यांच्या हाती पडली होती, त्यातून विद्यापीठाची कल्पना सुचली हे सर्वश्रुत आहे. मला हिंगण्याची झोपडी जास्त मोठी वाटते. राहण्याची सोय हिंदू घरासारखी ठेवली, पण घराच्या बाहेर ठेवली. त्यामुळे महाराष्ट्रभरच्या पालकांना विधवा लेक तिथे सोडता आली.

खानदेशात मात्र तसं काही उभं राहिलं नाही. मिशनऱ्यांनी आपल्या परीने केलं. १८९९-१९००च्या दुष्काळानंतर शेजारच्या खामगावला ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सने अनाथ मुलींचा आश्रम चालवला. पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आले. पण त्या छपराखाली मुलगी जायची ती अनाथ होऊन किंवा ख्रिस्ती होऊन.

वसतिगृहाची महती खानदेशाला माहीत नव्हती असं मुळीच नाही. शाहू महाराजांनी १९०१पासून कोल्हापुरात जातवार बोर्डिंगं काढली आणि ती लाट महाराष्ट्रभर गेली. जळगाव-धुळ्यातही बोर्डिंगं निघाली, खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा त्यांच्या जोरावर मॅट्रिक झाला. अमळनेरला प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात १९२४ ते १९३० या काळात पांडुरंग सदाशिव साने नावाचे शिक्षक होते. मुलांची अंथरुणं घडी करणारे, त्यांच्यासाठी ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून लावणारे. मराठीत आईवर सर्वांत जास्त वाचलं गेलेलं पुस्तक पुढे याच गुरुजींनी लिहिलं. छात्रालय मात्र मुलांचं. साने गुरुजींना दोष द्यायचा नाही, तेवढी त्यांच्या काळाची धाव नव्हती. पण खानदेशातलं सर्वांत प्रसिद्ध वसतिगृह मुलग्यांचं आहे, ही गोष्ट इतिहासात नोंदवून ठेवायला हवी.

याच काळात जळगावात एक बाई जात्यावर दळत, शेतात राबत ओव्या रचत होती. बहिणाबाई चौधरी १८८० साली असोद्याला जन्मल्या. त्या चार वर्षांच्या असताना हुजूरपागा उघडली, तेरा वर्षांच्या असताना त्यांचं लग्न होऊन त्या जळगावात आल्या. १९०७ साली याच जळगावात पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. अध्यक्ष कर्नल डॉ. कीर्तिकर. धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा सतरा वर्षांचा पोरगा तिथे कविता म्हणून गेला आणि बालकवी म्हणून परतला. बहिणाबाई तेव्हा सत्तावीस वर्षांच्या, त्याच गावात. मंडपातल्या कुणालाही गावात कवयित्री आहे याचा पत्ता नव्हता, असायचं कारणही नव्हतं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरच्यांनी, विशेषतः मुलगा सोपानदेवांनी, त्या ओव्या टिपून ठेवल्या म्हणून राहिल्या. १९५१ साली बहिणाबाई गेल्या, १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह कविता छापून आल्या. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं. शाळेचा उंबरा न ओलांडलेल्या बाईचं नाव विद्यापीठाला देणं हा गौरव आहे, यात वाद नाही. पण बहिणाबाई अडाणी असूनही एवढं बोलल्या, असं कौतुक भाषणांतून ऐकलं की मी अस्वस्थ होतो. त्यांच्यासारख्या आणखी किती जणींना टिपून घेणारा सोपानदेव मिळाला नाही, हे कुणी विचारत नाही. १९०१च्या शिरगणतीत अख्ख्या हिंदुस्थानात शंभर बायकांमागे एकही धड साक्षर नव्हती.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चित्र हळूहळू पालटलं ते ‘फायनल’ने. सातवीची व्हर्नाक्युलर फायनल झालेली मुलगी प्राथमिक शाळेत मास्तरीण होऊ शकत असे. खानदेशातल्या कित्येक घरांत पहिली पगारदार बाई अशी फायनलवाली आजी किंवा पणजी निघेल. कन्याशाळांना त्यामुळे मास्तरणी मिळाल्या आणि मुली दोन यत्ता आणखी टिकल्या. पुढे मुलींची हायस्कुलं झाली. धुळ्याची कमलाबाई कन्याशाळा, जळगावचं नंदिनीबाई वामनराव मुलींचं विद्यालय, ही नावं आजही गावात पत्ता सांगायला वापरतात. पण या सगळ्या दिवसाच्या, गावातल्या मुलींच्या शाळा. आसपासच्या खेड्यातली मुलगी चौथीनंतर घरीच.

कॉलेजचं तर १९४५पर्यंत नावच नव्हतं. त्या सुमारास जळगावला मूळजी जेठा (एम. जे.) आणि अमळनेरला प्रताप कॉलेज निघालं. त्याआधी नाशिक, पुणे किंवा मुंबई, म्हणजे पुन्हा तोच प्रश्न. कॉलेज गावात आल्याबरोबर काय होतं, याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे नाडगावला १९३४ साली जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील. शाळा जळगावची आर. आर., कॉलेज जळगावचं एम. जे., तिथूनच एम. ए. मग कायद्यासाठी मुंबई. १९६२ साली जळगावातून विधानसभेत, २००७ साली राष्ट्रपतिभवनात. त्यांच्या कारकिर्दीवर मतभेद असू शकतात. मला एक तपशील बोलका वाटतो: त्यांच्या श्रमसाधना ट्रस्टने दिल्ली, मुंबईत नोकरी करणाऱ्या बायकांसाठी वसतिगृहं काढली. खानदेशातून शहरात गेलेल्या बाईला पहिली अडचण कोणती येते, हे त्यांना ठाऊक असणारच.

तापीच्या उत्तरेला, सातपुड्यात, हा इतिहास शंभर वर्षं मागे धावतो. १९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा २०११च्या जनगणनेत साक्षरतेत राज्यात शेवटचा ठरला: सुमारे ६४ टक्के. राज्याचा आकडा ८२च्या वर. अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवरची भिल्ल आणि पावरा मुलगी शिकते ती बहुतेक आश्रमशाळेतच. म्हणजे मेरी लायनची कल्पना सरकारच्या हाताने सातपुड्यात पोचली, पण तिचा जीव वाटेत गेला. गळकी छपरं, आंघोळीला आडोसा नाही, मुक्कामी महिला अधीक्षिकेची जागा रिकामी, या तक्रारी वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत येत आल्या आहेत. नर्मदा आंदोलनाने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला चिमलखेडीपासून काढलेल्या जीवनशाळांनी पोरांच्या स्वतःच्या बोलीत शिकवून दाखवलं, तेही धरणाच्या बुडिताच्या काठावर. केंद्राने २००४ साली मुलींसाठी कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयांची निवासी योजना आणली. या योजनेचं सगळं यश-अपयश शेवटी तिथे रात्री मुक्कामाला कोण बाई असते यावर ठरतं. एकोणिसाव्या शतकातल्या मास्तरीणबाईंची खोली पुन्हा इथे येऊन उभी राहिली.

सपाटीवर सरकारने दुसरा उपाय काढला: मुलीला राहायला जागा देण्याऐवजी रोज नेऊन आणायची. अहिल्याबाई होळकर योजनेतला एस.टी.चा फुकट पास आणि २०११नंतर मागास तालुक्यांत धावू लागलेल्या ‘मानव विकास’च्या निळ्या बसगाड्या. या गाड्यांबद्दल कुणी गौरवग्रंथ काढणार नाही, पण मुलींना चौथी-सातवीवरून बारावीला नेण्यात त्यांचा वाटा मोठा आहे असं माझं मत आहे. गाडी वेळेवर आली नाही की मुलीची शाळा बुडते, आणि चार-सहा वेळा बुडाली की घरात लग्नाचा विषय निघतो. चोपडा, यावल, शिंदखेडा, कुठेही फाट्यावर उभं राहून विचारा.

बारावीनंतर निळी बस संपते. जुलै २०२४मध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. निर्णय चांगलाच आहे. पण खोलीचं भाडं आणि मेसचा डबा त्या माफीत बसत नाही. त्यासाठी स्वाधार, स्वयम अशा निर्वाह भत्त्याच्या निरनिराळ्या योजना आहेत, त्यांचे अर्ज वेगळे, अटी वेगळ्या, आणि पैसे हाती पडेपर्यंत सत्र उलटतं. शेतकरी बाप मुलीला जळगाव-धुळ्यात शिकायला पाठवताना फीचा आकडा नंतर विचारतो, आधी विचारतो हॉस्टेल कसं आहे. खानदेशात कॉलेज काढणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत आणि नवी इमारत बांधायची म्हटली की पहिलं चित्र दर्शनी कमानीचं काढलं जातं. त्या संस्थाचालकांना एवढीच विनंती आहे: कमान पुढच्या वर्षी बांधा. आधी मुलींचं वसतिगृह बांधा, आणि त्यात मुक्कामाला राहणाऱ्या रेक्टरबाईंची खोली विसरू नका.